पिकलबॉल नव्याने शिकताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा खेळ नेमका कशासारखा आहे?

कोर्ट बॅडमिंटनच्या डबल्सएवढं, नेट टेनिससारखं बुटकं, हातात बिनतारांचं पॅडल आणि भोकं असलेला पोकळ प्लॅस्टिकचा बॉल. १९६५ साली अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅक्कलम यांनी घरच्या बॅडमिंटन कोर्टवर हाताशी असलेल्या सामानातून तो जमवला, म्हणून मापं अजूनही बॅडमिंटनची. नावाचा लोणच्याशी संबंध नाही. उरल्यासुरल्या वल्हेकऱ्यांना घेऊन शर्यतीत उतरणाऱ्या बोटीला तिकडे ‘पिकल बोट’ म्हणतात, त्यावरून ते पडलं असं प्रिचर्ड कुटुंबाचं म्हणणं. मॅक्कलम मात्र प्रिचर्डांच्या पिकल्स नावाच्या कुत्र्याला श्रेय देत. भारतात हा खेळ मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी आणला.

कोर्टची मापं काय? सोसायटीतल्या बॅडमिंटन कोर्टवर खेळता येईल का?

येईल, आणि शिकायला ते उत्तम. लांबी ४४ फूट, रुंदी २० फूट, सिंगल्सलाही हीच. नेटच्या दोन्ही बाजूंना ७ फुटांचा पट्टा म्हणजे ‘किचन’. त्यामागे उरलेले १५ फूट मधल्या रेषेने दोन भागांत विभागलेले, म्हणजे सर्व्हिसचा प्रत्येक चौकोन १० बाय १५ फुटांचा. कोर्टच्या चहूबाजूंनी मोकळी जागा धरून किमान ६० बाय ३० फूट हवेत. भिंत बेसलाइनला, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेला, खेटून असेल तर तिथे खेळू नका. मागे जाणारा माणूस भिंतीवर आदळतो.

बॅडमिंटनच्या डबल्सची बाहेरची चौकट जशीच्या तशी वापरा. सिंगल्सच्या आतल्या रेषा आणि मागची डबल्सची सर्व्हिस रेषा विसरून जा. फरक पडतो तो पुढच्या सर्व्हिस रेषेत. बॅडमिंटनची ती रेषा नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि किचनची सात फुटांवर. तिच्या मागे सहा इंचांवर दोन इंच रुंदीची टेप लावा. सात फूट मोजायचे ते टेपच्या नेटपासून लांबच्या कडेपर्यंत, कारण रेषा किचनमध्येच धरली जाते.

नेटची उंची बाजूच्या रेषांवर ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच. बॅडमिंटनचं नेट खाली बांधलं तर मधोमध एका पट्टीने दोन इंच खाली ओढून घ्या. ते साधारण अडीच फूटच खोल असल्यामुळे खाली सहा इंचांची फट राहते आणि जोरात मारलेला बॉल तिच्यातून निघून जातो. वाद नको असतील तर तळाशी जुनी ओढणी किंवा चादरीची पट्टी बांधा.

फरसबंदीच्या पेव्हर ब्लॉकवर मात्र निराशा होते. सांध्यावर पडलेला बॉल कुठेही उडतो आणि नवशिक्याला वाटतं की चूक आपली आहे.

पॅडल कोणतं घ्यावं?

पहिलं पॅडल २१५ ते २३० ग्रॅमच्या आसपासचं, आतला गाभा पॉलिप्रॉपिलीनच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीचा आणि जाडी १६ मिलिमीटर. जाड गाभा बॉलचा जोर शोषून घेतो, त्यामुळे हळू मारलेला बॉल हळूच जातो. १३ मिलिमीटरची पॅडलं जास्त उसळ देतात. ती नंतर बघा. लाकडी पॅडल स्वस्त असतं, पण जड, आणि तासाभरात कोपर बोलू लागतं.

मुठीचा घेर बहुतेक सव्वाचार इंचांच्या आसपास असतो. पॅडल धरल्यावर बोटांची टोकं आणि तळव्याचा फुगीर भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम बसली पाहिजे. बसतच नसेल तर मूठ बारीक आहे. वरून ओव्हरग्रिप, म्हणजे पातळ पट्टी, गुंडाळून वाढवता येते. जाड मूठ कमी करता येत नाही, म्हणून शंका असेल तर बारीक घ्या. जुनं, वापरलेलं पॅडल घेत असाल तर पृष्ठभागावर सगळीकडे बोटाच्या पेराने टकटक करून पाहा. एखाद्या जागी आवाज बदलला तर आतला थर सुटलेला आहे.

बॉल सगळे सारखेच असतात ना?

नाही. बाहेर खेळायच्या बॉलला साधारण ४० बारीक भोकं असतात. तो कडक आणि वेगवान. आत खेळायच्या बॉलला २६ मोठी भोकं. तो मऊ, आणि जरासा वारा आला तरी भरकटतो. अधिकृत वजन साधारण २२ ते साडेसव्वीस ग्रॅम. कडक बॉल थंडीत तडकतो. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी एका बैठकीत दोन फुटले तर नवल नाही. उन्हाळ्यात उलट, तो मऊ पडतो. मारल्यावर ‘टॉक’ऐवजी फाटका आवाज आला की भोकांच्या मधल्या जागेत तडा शोधा, तडा गेलेल्या बॉलवर सराव करून हात बिघडवू नका.

पॅडल धरायचं कसं?

कोणाशी हात मिळवतो तसं. अंगठा आणि तर्जनी यांच्यातला इंग्रजी ‘व्ही’ पॅडलच्या कडेच्या रेषेत आला पाहिजे. फोरहँड आणि बॅकहँडला हीच पकड चालते, मधे बोटं फिरवायला वेळच नसतो. पकडीचा जोर दहापैकी तीन-चार. हातात चिमणी आहे असं समजा: उडून जाऊ नये आणि घुसमटूही नये. घट्ट मुठीतून नाजूक फटका निघत नाही, आणि या खेळात निम्मे फटके नाजूकच असतात.

सर्व्हिस कशी करायची? माझी नेटमध्येच जाते.

दोन प्रकार आहेत. बॉल हवेत असताना मारायचा असेल तर फटका खालून वर गेला पाहिजे, बॉलला स्पर्श कमरेच्या खाली झाला पाहिजे आणि त्या क्षणी पॅडलच्या डोक्याचा कोणताही भाग मनगटाच्या वर असता कामा नये. दुसरा प्रकार टप्प्याचा: बॉल हातातून सोडायचा, जमिनीवर टप्पा पडू द्यायचा आणि मग मारायचा. यात वरच्या तीन अटी लागू होत नाहीत. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

बेसलाइनच्या फूटभर मागे उभे राहा, उजवखुऱ्यांनी डावा पाय पुढे. बॉल खांद्याच्या उंचीला, शरीरापासून हातभर पुढे धरा. नुसता सोडा; वर उडवायचा नाही, खाली आपटायचा नाही. हा बॉल सोडलेल्या उंचीच्या जेमतेम चाळीस टक्केच उसळतो. कमरेपासून सोडला तर गुडघ्याच्याही खाली राहतो, आणि निम्म्या सर्व्हिस नेटमध्ये जाण्याचं कारण हेच. खांद्यापासून सोडला की गुडघ्याच्या वर, मारता येईल अशा उंचीला येतो. पॅडल मागून पुढे झोपाळ्यासारखं आणा, मनगट न मोडता, आणि फटक्यानंतर हात लक्ष्याच्या दिशेने वर जाऊ द्या. नेटच्या वरून दोन-तीन फूट अंतर ठेवून गेला तरी बिघडत नाही.

मारताना किमान एक पाय जमिनीवर हवा आणि कोणताही पाय बेसलाइनला किंवा कोर्टला लागता कामा नये. बॉल तिरका, समोरच्या चौकोनात. रेषेवर पडला तर आत, फक्त किचनच्या रेषेवर पडलेली सर्व्हिस बाद. संधी एकच. नेटला चाटून योग्य चौकोनात पडली तर २०२१ पासून खेळ तसाच चालू राहतो. पुन्हा सर्व्हिस मिळत नाही. बॅडमिंटन-टेनिसवाले इथे हमखास थांबतात आणि गुण घालवतात.

लक्ष्य एकच ठेवा: चौकोनाच्या रुंदीचा मध्य, बेसलाइनच्या तीन-चार फूट आत. कोपरे नंतर. सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळतो, त्यामुळे सर्व्हिस बाहेर मारणं म्हणजे आपलीच पाळी वाया घालवणं.

‘दोन टप्प्यांचा नियम’ म्हणजे काय?

सर्व्हिसचा टप्पा पडू द्यायचा आणि मगच परतवायची. त्या परतीचाही टप्पा सर्व्हिस करणाऱ्या बाजूने पडू द्यायचा. त्यानंतर हवेतल्या हवेत मारायला दोघंही मोकळे. या नियमामुळे सर्व्हिस करून थेट नेटकडे धावण्यात अर्थ नाही. सर्व्हिस करणारा आणि त्याचा जोडीदार, दोघंही बेसलाइनच्या मागेच थांबतात. नवशिक्या जोडीदार उत्साहाने पुढे उभा राहतो, परतीचा बॉल त्याच्या पायाशी पडतो आणि गडबड होते.

किचनमध्ये जायचंच नाही का?

जायचं, हवं तेव्हा, हवा तेवढा वेळ. तिथे उभं राहून *व्हॉली* मारायची नाही, म्हणजे टप्पा न पडलेला बॉल मारायचा नाही, एवढाच नियम. टप्पा पडलेला बॉल मारायला तर आत गेलंच पाहिजे. ‘किचनमध्ये पाय ठेवू नका’ असं कोणी शिकवलं असेल तर ते डोक्यातून काढा. त्यामुळे लोक नेटजवळचे सोपे बॉल नुसते बघत राहतात.

चुका होतात त्या बारकाव्यांत. रेषेला बूट टेकला तरी तुम्ही किचनमध्ये. व्हॉली बाहेरून मारली पण झोकामुळे पाय आत गेला, तर फाउल, आणि तोवर बॉल समोर पडून रॅली संपली असली तरीही फाउलच. टोपी किंवा चष्मा झोकात आत पडला तरी तेच. आत गेलेल्या माणसाने पुढची व्हॉली मारण्याआधी दोन्ही पाय बाहेर जमिनीवर टेकवले पाहिजेत. एक बाहेर आणि एक हवेत चालत नाही. मात्र किचनच्या वरची हवा कोणाच्या मालकीची नाही: पाय बाहेर ठेवून पॅडल आत लांबवून व्हॉली मारता येते.

गुण मोजताना तीन आकडे का सांगतात? मला हे अजिबात कळत नाही.

पहिल्या आठवड्यात कोणालाच कळत नाही. डबल्समध्ये पहिला आकडा सर्व्हिस करणाऱ्या बाजूचे गुण, दुसरा समोरच्यांचे, तिसरा म्हणजे सर्व्हिस करणारा आपल्या बाजूचा पहिला की दुसरा. गेम ११ गुणांचा, दोनच्या फरकाने जिंकायचा. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूला. (काही लीगमध्ये प्रत्येक रॅलीला गुण देतात, तिथे जाल तेव्हा आधी विचारून घ्या.)

अ-ब विरुद्ध क-ड असा खेळ समजा. सुरुवातीला अ उजवीकडून सर्व्हिस करतो आणि पुकारतो, ‘शून्य-शून्य-दोन’. दोन कशाला? पहिल्या पाळीत फक्त एकालाच सर्व्हिस मिळते, आधी सुरुवात केल्याचा फायदा कमी करायला. अ-ब रॅली जिंकले: एक गुण, अ आणि ब जागा बदलतात, अ आता डावीकडून, ‘एक-शून्य-दोन’. ही रॅली हरले: सर्व्हिस समोर. तिकडे उजव्या बाजूला जो उभा आहे, समजा क, तो सुरू करतो, ‘शून्य-एक-एक’. क हरला तर ड आहे त्याच जागेवरून, ‘शून्य-एक-दोन’. तोही हरला की सर्व्हिस परत अ-ब कडे, ‘एक-शून्य-एक’. आता सर्व्हिस कोण करेल? ब. कारण अ-ब नी जागा बदललेल्या आहेत आणि उजवीकडे ब आहे.

लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच. जागा बदलतात ते फक्त सर्व्हिस करताना गुण मिळवणारे. परतवणारे कधीच नाही. आणि ज्याने गेमची पहिली सर्व्हिस केली, तो आपल्या बाजूचे गुण सम असताना उजवीकडे आणि विषम असताना डावीकडे असतो. त्याच्या मनगटाला रिस्टबँड घाला, निम्मे वाद तिथेच मिटतात.

सिंगल्समध्ये तिसरा आकडा नाही. गुण सम तर उजवीकडून, विषम तर डावीकडून सर्व्हिस.

सर्व्हिस परतवल्यावर कुठे जायचं?

पुढे, किचनच्या रेषेपर्यंत. परतीचा फटका उंच आणि खोल मारा, बेसलाइनजवळ पडेल असा. जोर नको, बॉल जितका हवेत तरंगेल तितका तुम्हाला चालायला वेळ. परतवणाऱ्याचा जोडीदार आधीपासूनच किचनच्या रेषेशी उभा असतो, त्याला जाऊन मिळायचं.

बेसलाइन आणि किचन यांच्यामधल्या पट्ट्यात रेंगाळू नका. तिथे प्रत्येक बॉल बरोबर घोट्याशी येतो. पण आंधळेपणाने धावूही नका: समोरचा मारायला पॅडल मागे नेतो त्या क्षणी असाल तिथे दोन्ही पाय टेकवून थांबा, बॉल खेळा, मग पुढची पावलं टाका. एका दमात पोचायचं नसतं, दोन टप्प्यांत पोचलात तरी चालेल.

मग सर्व्हिस करणारी बाजू पुढे कशी येते? ते तर मागे अडकतात.

खेळातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच. समोरची जोडी किचनवर येऊन उभी, आपण दोघं मागे, आणि मारायचा आहे तिसरा फटका. जोरात मारला तर ते व्हॉलीवर खाली दाबतात. म्हणून ‘थर्ड शॉट ड्रॉप’: बेसलाइनवरून असा हळू बॉल की तो नेट ओलांडून समोरच्या किचनमध्ये उतरावा. तो कमानीत जातो आणि कमानीचा सर्वांत उंच बिंदू आपल्या बाजूला पडला पाहिजे, म्हणजे नेट ओलांडताना बॉल उतरणीला लागलेला असतो. हात खांद्यातून, गुडघे वाकलेले, पॅडलची सपाटी थोडी वर उघडलेली.

थेट बेसलाइनवरून सराव करू नका, आठवडाभर नुसता वैताग येईल. किचनच्या रेषेवरून सुरुवात करा, दहापैकी सात किचनमध्ये उतरले की तीन फूट मागे. असं करत बेसलाइनपर्यंत जायला महिना लागला तरी हरकत नाही. ड्रॉप जमेपर्यंत मधोमध, नेटच्या अगदी वरून सपाट फटका मारा. मध्यभागी नेट दोन इंच कमी असतं आणि कोणाचा बॉल यावरून समोरच्यांचा गोंधळ होतो.

डिंक म्हणजे नुसतं हळू मारणं? त्यात काय शिकायचंय?

किचनच्या रेषेवरून समोरच्या किचनमध्ये टाकलेला छोटा बॉल म्हणजे डिंक. त्यातून गुण क्वचित मिळतो. मिळते ती समोरच्याची चूक: तो कंटाळतो, बॉल उंच देतो आणि तो बॉल तुम्ही मारता. पायाची बोटं रेषेच्या दोन-तीन इंच मागे, गुडघे मोडलेले, पॅडल छातीसमोर. बॉल शरीराच्या पुढे घ्या. मनगट हलवू नका, खांद्यातून ढकला, पॅडल गुडघ्याच्या मागे जाता कामा नये. बॉल वारंवार उंच उडत असेल तर बहुतेक वेळा तुम्ही कमरेतून वाकताय, गुडघ्यातून नाही.

तिरका डिंक सोपा असतो. एका किचनच्या कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत चोवीस फुटांहून जास्त अंतर मिळतं. सरळ मारला तर चौदाच. सराव जोडीने: न थांबता तिरके वीस डिंक. बाराव्या-तेराव्याला कोणीतरी मोह होऊन फटका मारतो. तो मोह आवरणं हाच सराव.

मला बॅडमिंटन येतं. फायदा होईल का?

डोळा, पाय आणि डोक्यावरचा फटका यांचा फायदा लगेच दिसतो. त्रास मनगटाचा. शटलला लागणारी मनगटाची झटकी या बॉलला दिली की तो छातीच्या उंचीला उडतो आणि समोरचा तो परत तुमच्याच अंगावर मारतो. टेनिसवाल्यांचा दोष वेगळा: पॅडल फार मागे नेतात आणि बेसलाइन सोडत नाहीत. टेबल टेनिसवाले नेटजवळ सगळ्यांत लवकर रुळतात, फक्त गुडघे वाकवायला विसरतात. आणि कशाचीच सवय नसलेला माणूस महिन्याभरात या तिघांनाही त्रास देऊ लागतो, कारण त्याला काही विसरायचं नसतं.

मधला बॉल कोणाचा?

दोघं उजवखुरे असतील तर डावीकडच्याचा, कारण तो त्याच्या फोरहँडवर येतो. पण ‘माझा’ असं ओरडायची सवय लावा. ‘तुझा’ म्हणण्यात सौजन्य आहे, पण बॉल दोघांच्या मधून जातो. दोघांच्या कमरेला आठ फुटांचा दोर बांधलाय असं समजून हला: एक बाजूला गेला की दुसरा त्याच्यामागे सरकला पाहिजे.

आउट की इन, कोणी ठरवायचं?

बॉल ज्यांच्या बाजूला पडला त्यांनी, आणि ताबडतोब. रेषा आणि बॉल यांच्यामध्ये जागा स्पष्ट दिसली तरच आउट. शंका आली तर बॉल आत. ‘बहुतेक आउट होता’ असं म्हणून गुण घेता येत नाही.

ओळख नसलेल्या ठिकाणी खेळायला गेलो तर नंबर कसा लावतात?

बहुतेक ठिकाणी कोर्टजवळ पॅडल ओळीने ठेवतात. आपलं शेवटी ठेवायचं. गेम संपला की पुढची चार पॅडलं आत. दुसऱ्याचा बॉल आपल्या कोर्टात आला की मोठ्याने ‘बॉल!’ ओरडून खेळ लगेच थांबवा. पायाखाली आलेल्या बॉलवरून घोटा मुरगळणं ही इथली नेहमीची दुखापत आहे. नवीन असाल तर आधीच सांगा, लोक सर्व्हिस हळू करतात.

गुडघे दुखतात, वय साठ आहे. खेळावं का?

जुनं दुखणं किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डबल्समध्ये धावणं कमी, पण थांबणं-वळणं भरपूर. धोका दोन ठिकाणी. पहिला, धावण्याचे शूज: त्यांचा जाड मऊ तळ सरळ पळण्यासाठी असतो, बाजूला पाऊल टाकताना घोटा त्यावरून घसरतो. बॅडमिंटनचे किंवा टेनिसचे कोर्ट शूज घाला. दुसरा, डोक्यावरून जाणारा लॉब. उलट्या पावलांनी मागे कधीही पळू नका. लोक पाठीवर पडतात आणि मनगट मोडून घेतात. आधी वळा, मग धावा. गाठता येत नसेल तर ‘छान मारला’ म्हणा आणि तो गुण सोडून द्या.

खेळण्याआधी दहा मिनिटं चालणं, पोटऱ्या ताणणं आणि किचनवरून हळू डिंक. पोटरी सर्वांत आधी तक्रार करते. नेटजवळ खेळताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलेला बरा.

पावसाळ्यात काय करायचं?

ओल्या कोर्टवर खेळायचं नाही. बॉल उसळत नाही आणि रंगवलेला पृष्ठभाग साबणासारखा होतो. कोकणात तर शेवाळही धरतं. घरात भिंतीवर जमिनीपासून ३४ इंचांवर टेप लावा आणि सात फुटांवरून तिच्या जरा वर हळू बॉल मारत राहा. खालच्या मजल्यावरच्यांसाठी फोमचा बॉल वापरा.

सोसायटीत आवाजाच्या तक्रारी येतात. उपाय?

कडक पॅडलवर कडक बॉल, त्यामुळे आवाज तीक्ष्ण आणि अनियमित, म्हणून बॅडमिंटनपेक्षा जास्त खुपतो. खेळणाऱ्याला तो कळतच नाही, तिसऱ्या मजल्यावर झोपलेल्याला कळतो. सकाळी सातच्या आधी आणि दुपारच्या झोपेच्या वेळी नको. रोजच्या सरावाला फोमचा बॉल, गेमला खरा. शक्य असेल तर इमारतीच्या भिंतीपासून लांबचा कोपरा निवडा: दोन भिंतींच्या मधे कोर्ट आखलं की प्रत्येक टकटक दोनदा ऐकू येते.